शनिवारी चार वाजता येते म्हणालात, तर

दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी आमच्या वृद्धाश्रमात दिवसभरात तीन ग्रुप येऊन गेले. सकाळी एका कंपनीची मंडळी फराळाचे बॉक्स घेऊन, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस, संध्याकाळी कॉलेजच्या मुलांच्या अंताक्षऱ्या. तिसरा ग्रुप आत शिरला तशी खिडकीजवळच्या आजींनी कानाचं मशीन काढून उशीखाली सारलं आणि मला हातानेच खूण केली, पुरे आता. याच आजी त्या वर्षी जुलैत रोज चारच्या चहाला दाराकडे तोंड करून बसायच्या. पाऊस धो धो, गाड्या उशिरा, चार आठवडे एकही ग्रुप फिरकला नव्हता.

हा लेख जुलैत जायची तयारी असणाऱ्यांसाठी आहे. फराळ वाटणाऱ्यांना माझी ना नाही, पण त्यांना मार्गदर्शनाची गरज नसते.

‘आमचा’ वृद्धाश्रम म्हणते खरी, पण मी तिथं नोकरीला नाही. मी विमा कंपनीत काम करते, दहिसरला राहते, आणि पश्चिम उपनगरातल्या या एका ठिकाणी सात वर्षं एक आड एक शनिवारी जाते. संस्थेचं आणि तिथल्या कुणाचंही नाव लिहिणार नाही. त्यांनी मला गप्पा मारायला बसू दिलंय, लेख लिहायला नव्हे.

पायरी १: आधी स्वतःचं वेळापत्रक

मनात जेवढं येतंय त्याच्या निम्मं ठरवा. ‘दर रविवारी अख्खा दिवस’ म्हणणारे तिसऱ्या रविवारी गायब होतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी नवीन माणसाला सुरुवातीलाच सांगते: महिन्यातून दोनदा, एक तास, तीन महिने. एवढं जमलं तर पुढचं पुढे.

जागा तुमच्याच रेल्वे लाइनवर असलेली बरी. मुंबईत जागेचे भाव असे की बरेच नवे आश्रम वसई-विरार, बदलापूर, कर्जत, पनवेलकडे आहेत. मोकळी हवा, झाडं, सगळं छान; पण तुम्ही राहता बोरिवलीला आणि निवडलंत बदलापूर, तर एका रविवारी पश्चिमेचा जम्बोब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आणि दुसऱ्या रविवारी मध्यचा मेगाब्लॉक तुमच्या समाजसेवेचा निकाल लावेल. दोन-तीन स्टेशनांच्या आत शोधा. शनिवार बरा.

एवढा काच का, ते सांगते. पहिल्या वर्षी मी एका आजींना निघताना सहज म्हणाले, ‘‘पुढच्या शनिवारी येते हं.’’ आपण कुणालाही म्हणतो तसं. मधल्या आठवड्यात नाशिकला बारशाचं निघालं, गेले, फोनही केला नाही. नंतर तिथल्या मावशींनी सांगितलं. आजींनी दुपारीच वेणी घालून घेतली होती, इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. चार वाजता चहा आला तर म्हणाल्या, ‘‘ती आली की तिच्याबरोबर घेईन.’’ कपावर बशी झाकून ठेवली. सहा वाजता मावशींनी गार चहा उचलला, तेव्हा काही न बोलता त्यांनी साडी बदलली.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. तारीख पक्की असल्याशिवाय ‘येते’ म्हणायचं नाही. आणि जमणार नसेल तर त्या दिवशी बाराच्या आत ऑफिसला फोन करून, त्या व्यक्तीचं नाव घेऊन निरोप द्यायचा. शक्य असेल तर त्यांनाच फोनवर बोलवायचं. ‘सगळ्यांना सांगा, मी येत नाहीये’ हा निरोप कुणापर्यंतच पोचत नाही.

पायरी २: जागा शोधणं आणि पहिला फोन

वृद्धाश्रम म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं, पण प्रकार पुष्कळ आहेत. देणग्यांवर चालणारे मोफत, महिन्याला पैसे घेणारे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नर्सिंगची सोय असलेले. काही जुने आहेत: महालक्ष्मीला किंग जॉर्ज पाचवे मेमोरियलचं आवार आहे, अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या धर्मभगिनींचा आश्रम आहे. सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ची. मोफत ठिकाणीच एकटेपणा असतो असं समजू नका. महिन्याला भरभक्कम पैसे मोजणाऱ्या, एसी खोलीतल्या आजोबांकडे महिनाभर कुणी आलेलं नसतं, आणि तिथं फराळाचे ग्रुपही जात नाहीत.

एकट्याने जायचा धीर होत नसेल तर ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्था, म्हणजे हेल्पएज इंडिया किंवा मुंबईतच १९९५मध्ये सुरू झालेलं डिग्निटी फाउंडेशन यांच्याकडे विचारा. स्वयंसेवक म्हणून काय करता येईल ते सांगतात. थेट जायचं असेल तर फोनवर ‘‘मला काहीतरी करायचंय’’ असं म्हणू नका. व्यवस्थापकांनी हे वाक्य हजारदा ऐकलेलं असतं आणि पुढे देणगी तरी असते नाहीतर फोटो. सरळ सांगा: ‘‘ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा एक-दोघांजवळ महिन्यातून दोन शनिवारी तासभर बसायचंय. आधी येऊन तुम्हाला भेटू का?’’

पहिल्या भेटीला आधार कार्डाची प्रत आणि ओळखीच्या दोघांचे नंबर न्या. ते संशयाने बघतील, बघू द्या. औषधं विकणारे, धर्म शिकवणारे, मृत्युपत्रावर डोळा असणारे, सगळे ‘सेवा’ म्हणतच आत येतात. जो व्यवस्थापक काहीच न विचारता तुम्हाला वॉर्डात सोडतो, त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

तुम्हीही बघून घ्या. देणगी पावतीशिवाय मागतात का? तुम्हाला फक्त हॉलमध्येच बसवतात का? एखाद्या आजींना प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी त्या मावशींकडे बघतात का? एकदा बघितलं तर त्याचा अर्थ काही नाही. सगळेच बघत असतील तर आहे.

वेळ विचारून घ्या. सकाळी आंघोळी, ड्रेसिंग, डॉक्टर. एक ते तीन झोप. रात्रीचं जेवण सातलाच. आमच्याकडे चार ते साडेपाच हीच खरी माणसांची वेळ.

पायरी ३: पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने

पेढे नकोत, चिवडा नको, केळीसुद्धा नकोत. निम्म्यांना शुगर, काहींना किडनीचं पथ्य, आणि काहींना गिळायचाच त्रास असतो. अशांना पाणीही घट्ट करून देतात, कारण पातळ ते श्वासनलिकेत जातं. तुम्ही प्रेमाने दिलेला शेंगदाणा घशात अडकला तर धावपळ सिस्टरची होते. काही न्यायचंच असेल तर ऑफिसात द्या. पण पहिल्या दिवशी नकोच, नाहीतर तुम्ही ‘देणारे’ होता आणि समोरचा माणूस आभार मानायला बसतो. मग गप्पा कसल्या?

सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा. उग्र सेंट लावू नका. पावसाळ्यात छत्री दारातल्या बादलीत, पाय पुसून कोरडे. टाइल्सवरच्या चार थेंबांनी खुब्याचं हाड मोडतं, आणि या वयात खुबा मोडणं म्हणजे बहुतेकदा चालणं कायमचं बदलणं. फोन सायलेंटवर टाकून पर्समध्ये ठेवा. उलटा करून मांडीवर नको, पर्समध्ये.

आता बेडजवळ. एक पलंग, एक लोखंडी कपाट, एक स्टूल: चाळीतल्या खोलीपासून इथपर्यंत येताना संसार एवढासा झालेला असतो. तो पलंग म्हणजे त्यांचं घर. कुणाच्या घरात आपण न विचारता पलंगावर बसतो का? ‘‘बसू का?’’ विचारा, खुर्ची ओढा, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील असं बसा. उभ्याने बोललात तर डॉक्टरांचा राउंड वाटतो.

मग विचारा, तुम्हाला काय म्हणू? आपण सरसकट आजी-आजोबा करून टाकतो. मी एकींना पहिल्या दिवशी आजी म्हटलं तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘मी कुणाची आजी नाही. लग्न केलेलं नाही मी. छत्तीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत शिकवलंय.’’ त्या ‘बाई’ आहेत. अजूनही मी गेले की आधी माझं शुद्धलेखन तपासतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप दाखवला तरी ऱ्हस्व-दीर्घ काढतात. आणि नावापुढे ‘जी’ लावणं, लहान मुलाशी बोलावं तसं ‘‘जेवलं का आमचं बाळ?’’ म्हणणं, हे तर कृपया नकोच. काहीजणींना ‘अगं’ म्हणवून घेणं आवडतं. ते त्या सांगतील तेव्हा.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं खूप झाली. निघताना पुढची तारीख सांगा, आणि भिंतीवर कालनिर्णय असेल तर विचारून त्या चौकटीत पेन्सिलीने गोल करा. मी पुढच्या वेळी गेले तर बाईंनी तो गोल शाईने गिरवून ठेवलेला होता.

पायरी ४: बोलायचं काय

‘मुलं कुठे असतात?’ हा प्रश्न पहिल्या तीन भेटींत तोंडातून काढायचा नाही. प्रत्येक येणारा तोच विचारतो आणि प्रत्येक वेळी त्यांना एक तर मुलाची बाजू घ्यावी लागते नाहीतर स्वतःची कीव करून घ्यावी लागते.

‘जुन्या आठवणी सांगा ना’ हेही फसतं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुठून सुरुवात करणार? लहान, हाताला लागेल असं विचारा. कुठल्या स्टेशनला उतरायचात? चाळीत नळाला पाणी किती वाजता यायचं? ट्रामने गेला होतात का? (मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, ऐंशीच्या पुढच्यांना ती चांगली आठवते.) चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि अख्ख्या मजल्यावर ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांचं नाव, आडनाव, स्वभाव, सगळं लोक सांगतात.

काही वेळा बोलणंच नको असतं. तेव्हा हाताला काम द्या. पेपर वाचून दाखवणं हे सगळ्यांत सोपं. मात्र तुम्हाला वाटेल अग्रलेखापासून सुरुवात करावी, तर नाही, आधी निधनवार्ता, मग राशिभविष्य, मग क्रिकेट. निधनवार्तेत कुणी ओळखीचं निघालं तर अर्धा तास त्यातच जातो, आणि तो वाईट जात नाही. नखं कापणं मात्र सिस्टरना विचारूनच, शुगरवाल्यांच्या पायांना तर हातच लावायचा नाही. केसांना तेल, गुंता सोडवणं, कपाटाची आवराआवर, फोटोंच्या मागे नावं लिहिणं. व्हॉट्सअ‍ॅपवर भाचीला व्हॉइस मेसेज पाठवायला मदत.

आमच्याकडे सगळ्यांत रंगलेली दुपार वालाची होती. श्रावणात स्वयंपाकघरात बिरड्याचा बेत होता, मोड आलेले वाल परातीत पडले होते आणि सोलायला माणूस नव्हतं. मी सिस्टरना आणि स्वयंपाकीणबाईंना विचारून परात हॉलमध्ये आणली. सात जणी बसल्या. त्यांतल्या एकींना मी कोण, आज वार कुठला, काही सांगता येत नाही. पण बोटं वालाला लागली आणि अंगठ्याने साल अशी सरकायला लागली की डाळिंबी अख्खी, दोन फाकाही न होता, टपकन परातीत. मी सोललेल्या अर्ध्या तुटलेल्या. त्यांनी माझ्या ढिगाकडे पाहिलं आणि वर्षभरात मला म्हटलेलं पहिलं पूर्ण वाक्य म्हणाल्या, ‘‘हिला सासूने काही शिकवलेलं दिसत नाही.’’ बाकीच्या सहा जणी हसून हसून बेजार.

पायरी ५: कान, डोळे, विसर

वयाने कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आपण ओरडतो तेव्हा आवाज नेमका उंच पट्टीत जातो, म्हणजे आणखी कळेनासा होतो आणि वर आपण चिडल्यासारखे दिसतो. आवाज खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्य छोटं. तुमच्या तोंडावर उजेड हवा. खिडकीला पाठ करून बसलात तर त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत. पंखा आणि टीव्ही दोन्ही चालू असतील तर एक बंद करता येतो का विचारा. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुधा कानात नीट बसलेलं नसतं. मुकं असेल तर बॅटरी. अनेकांचं ‘ऐकू येत नाही’ हे पाच दिवसांपूर्वी संपलेल्या बॅटरीमुळे असतं आणि सांगायचा संकोच असतो. कवळीचंही तसंच. कवळी डबीत असेल तर त्या हसणार नाहीत, बोलणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल आपलं काही चुकलं.

डिमेन्शिया, म्हणजे विसराचा आजार, झालेल्या माणसाजवळ बसायची पुष्कळांना भीती वाटते. एक लक्षात ठेवा, आधी अलीकडचं पुसलं जातं, जुनं उशिरा. आमच्याकडचे एक आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणी पुन्हा नीट उघडली नाही, त्यांनी पुढे वीस वर्षं वॉचमनची नोकरी केली. ती वीस वर्षं आता त्यांच्याजवळ नाहीत. गिरणी आहे. दुपारी तीनच्या सुमाराला ते उठून चपला शोधायला लागतात, दुपारची पाळी. चादरीची कड दोन्ही हातांत धरून तुटलेला धागा जोडल्यासारखी बोटं चालू असतात.

मी सुरुवातीला समजावत असे. ‘‘आजोबा, गिरणी बंद झाली, तिथं आता मॉल आहे.’’ खरंच होतं ते. त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू आत्ता, या क्षणी नोकरी गेली. आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच. मी दर वेळी त्यांची नोकरी नव्याने घालवत होते. एका मामांनी, म्हणजे तिथल्या मदतनिसाने, मला बाजूला घेऊन दाखवलं कसं बोलायचं. ‘‘भोंगा व्हायचाय अजून, बसा. डब्यात काय दिलंय आज?’’ मग सुकट, भाकरी, बायकोच्या हाताचं तिखट, जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, घातलेल्या शिव्या. पंधरा मिनिटांत चपला विसरतात.

वाद घालायचा नाही, परीक्षा घ्यायची नाही. ‘मला ओळखलंत का? सांगा बघू माझं नाव’ हा खेळ आपल्याला मजेचा वाटतो, त्यांना तो तोंडी परीक्षेत नापास झाल्यासारखा वाटतो. स्वतःच सांगा: ‘‘मी दहिसरची. शनिवारी येते.’’ गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं तर दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका; ‘‘आठवण येतेय का? कसे होते ते?’’ एवढं पुरतं. दिवस कलला की अशा माणसांची घालमेल वाढते, तेव्हा संध्याकाळी सहानंतरची भेट टाळा किंवा नुसतं जवळ बसा.

आणि हे वेगळं: कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत एकदम भलतंच बरळायला लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं सोडियम कमी होणं, नवीन औषध, अशी कारणं त्यामागे असू शकतात आणि उपचाराने माणूस ताळ्यावर येऊ शकतं. त्याच दिवशी सिस्टरना सांगा.

पायरी ६: रडणं, तक्रारी आणि ‘मला घरी ने’

‘रडू नका’ म्हणू नका. रुमाल द्या, बसा. आपल्याला त्यांचं रडणं थांबवायचं असतं ते बरेचदा आपल्यालाच सहन होत नाही म्हणून.

‘घरी ने’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं खोटं आश्वासन मात्र कधीही देऊ नका. एकदा दिलं की दर शनिवारी तुमच्याकडे ते वसूल केलं जाईल. ‘‘घरी असता तर आत्ता काय करत असता?’’ असं विचारलं तर कधी उत्तर येतं, ‘‘गॅलरीत बसले असते.’’ गॅलरी इथेही आहे. खुर्ची न्यायला दोन मिनिटं लागतात.

खलनायक शोधू नका. मीही सुरुवातीला मुलांवर भयंकर चिडायचे. मग एकदा एका आजींची मुलगी भेटली: बासष्ट वर्षांची, स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात आजारी नवऱ्यासोबत राहणारी. आईला उचलायला ताकद नाही म्हणून इथं आणलं, आणि तेही सांगताना चोरासारखं सांगत होती.

तक्रारींत दोन प्रकार असतात. जेवण आळणी, पंखा हळू, शेजारची घोरते: या ऐकायच्या, एखादी सुटण्यासारखी असेल तर सोडवायची. पण अंगावर वळ, उपाशी ठेवणं, फोन करू न देणं, बांधून ठेवणं असं काही दिसलं किंवा ऐकलं तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि व्यवस्थापकांना किंवा विश्वस्तांना भेटा. तिथं दाद मिळाली नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. मुलांनी घर लिहून घेतलं, खर्च देत नाहीत अशा गोष्टींसाठी २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. साठीच्या पुढची व्यक्ती स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. तुमचं काम ही माहिती त्यांना देणं. अर्ज करायचा की नाही हे त्या ठरवतील, आणि अनेकजणी ‘नको’ म्हणतील. आपल्या पोराविरुद्ध सही करणं सोपं नसतं.

‘‘देव कधी नेतोय’’ हे वाक्य तुम्हाला दर शनिवारी ऐकू येईल, चहाच्या घोटाबरोबर. त्याची सवय होते. लक्ष बदलाकडे ठेवा: जेवण टाकलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागल्या. हे सिस्टर आणि व्यवस्थापक दोघांनाही सांगा. म्हातारपणातलं नैराश्य औषधाने बरं होऊ शकतं. स्वतःचं काही बरंवाईट करण्याबद्दल कुणी स्पष्ट बोललं तर ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ घेऊ नका, त्यांना एकटं सोडू नका, लगेच सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

पायरी ७: काही गोष्टी अजिबात नाहीत

पैसे घ्यायचे नाहीत, उसने द्यायचे नाहीत, एटीएमचा पिन ऐकायचासुद्धा नाही. साक्षीदार म्हणून सही नाही. औषध नाही, साधी क्रोसिनही नाही. स्वतःच्या जोरावर उचलून खुर्चीत बसवणं नाही. फोटो त्यांना विचारून, आणि फेसबुकवर तर नाहीच. बाईंच्या शेजारच्या बेडवरच्या काकूंनी गावाकडे सांगितलंय की त्या मुंबईत मुलाकडे राहतात.

मावश्या आणि मामा यांच्याबद्दल दोन शब्द. बारा तासांची पाळी, एकेकीकडे दहा-दहा बेड, आणि तुम्ही शनिवारी तासभर येऊन गोड बोलणार. त्यांना राग आला तर तो समजून घ्या. आत शिरताना पहिला नमस्कार त्यांना करा. कुणाला काय चालतं, कोण आज चिडलंय, कुणाचा मुलगा काल येऊन गेला, हे सगळं त्यांना माहीत असतं. मला जे थोडंफार येतं ते त्यांच्याकडूनच आलंय.

बेड रिकामा होतो तेव्हा

एखाद्या शनिवारी तुम्ही जाल आणि गादी उन्हात टाकलेली असेल. कुणी फोन करून कळवत नाही. तुम्ही नातेवाईक नसता. ज्या आजींनी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता, त्या अशाच गेल्या. त्या दिवशी मला लगेच निघून जायचं होतं. मावशी म्हणाल्या, ‘‘शेजारच्या बेडवाल्यांशी बोलून जा, त्या चार दिवस जेवल्या नाहीत.’’ तेव्हा बसले. आम्ही दोघी त्यांच्याबद्दलच बोलत होतो, त्यांची कुचकट बोलणी आठवून हसलोसुद्धा. त्यानंतर मी एक शनिवार गेले नाही, आधी कळवून.

सोडायचं झालं तरी असंच. बदली, बाळंतपण, कंटाळा, कारण काहीही असो. महिनाभर आधी सांगा, शेवटची भेट शेवटची आहे म्हणून घ्या, जमलं तर आपल्या जागी कुणाची तरी ओळख करून द्या. सांगून जाणाऱ्यांना मी कुणी नावं ठेवलेली ऐकली नाहीत.

शेवटची वस्तू म्हणजे एक छोटी वही. परत येताना गाडीत, बोरिवली यायच्या आत, लिहून काढायचं. दोन आठवड्यांनी आठवत नाही आणि ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणत होता ना’ हे वाक्य तिथं पेढ्यांपेक्षा जास्त चालतं. माझ्या वहीतलं या वेळचं पान असं आहे:

‘खिडकीजवळच्या आजी: मशीनच्या बॅटऱ्या, ३१२ नंबर, एक पाकीट. बाई: शब्दकोडं, मात्र आधी कुणी पेन लावलेलं नको. गिरणीवाले आजोबा: जॉबरचं नाव विचारायचं, मागच्या वेळी अर्ध्यावर राहिलं. मामांना मुलीचा दहावीचा निकाल विचारणे. काकूंना भाचीचा मेसेज पुन्हा ऐकवणे, आवाज मोठा करून. छत्री दुरुस्त.’